उष्णतेचा ताण, मधुमेही प्राणी आणि संप्रेरके : वऱ्हाडाच्या हवामानातील प्रायोगिक संशोधनाची चिकित्सा

सारांश

उष्णतेच्या ताणाचा मधुमेही प्राण्यांमधील संप्रेरकांवर कोणता परिणाम होतो, हा प्राणिशास्त्रातील अभ्यासविषय वऱ्हाडातील महाविद्यालयांना विशेष जवळचा आहे. प्रस्तुत लेखात या प्रकारच्या संशोधनाच्या पद्धतीची समीक्षा केली आहे. प्राणिगृहाचे तापमान, मधुमेहाचे प्रायोगिक प्रतिमान, अन्न व पाण्याचे सेवन आणि संप्रेरकांचे मोजमाप या चार बाबी स्वतंत्रपणे न हाताळल्यास उष्णतेचा म्हणून नोंदवला जाणारा परिणाम वास्तविक उष्णतेचा आहे की अन्य कशाचा, हे ठरवता येत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्याचबरोबर, ज्या हवामानामुळे हे संशोधन सदोष होते त्याच हवामानामुळे ते वऱ्हाडात उत्तम रीतीने होऊ शकते, हेही दाखवले आहे.

बीजशब्द : उष्णतेचा ताण, मधुमेह, ॲलॉक्सन, कॉर्टिकोस्टेरॉन, थायरॉईड संप्रेरके, इन्सुलिन, प्राणिगृह, वऱ्हाड.

प्रस्तावना

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांतील उन्हाळा हा केवळ ऋतू नाही, तो येथील जीवनपद्धतीचा एक नियामक घटक आहे. मे महिन्यात अकोल्याचे सरासरी कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेल्यावर अकोला जिल्हा प्रशासनाने उष्णतेच्या कारणास्तव जमावबंदीचे कलम १४४ लागू केले होते. दुसरीकडे, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के आहे. ही दोन वास्तवे एकत्र आली की एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो. ज्या शरीरात साखरेचे नियमन आधीच बिघडलेले आहे, त्या शरीरावर अशा उष्णतेचा काय परिणाम होत असेल?

माणसावर हा प्रयोग करणे नैतिकदृष्ट्या अशक्य असल्याने संशोधक पांढऱ्या उंदराकडे वळतात. उंदरास ॲलॉक्सन किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून मधुमेह निर्माण करावयाचा, त्यास काही दिवस ४० ते ४२ अंश तापमानाच्या इनक्युबेटरमध्ये तासभर किंवा अधिक काळ ठेवावयाचे आणि अखेरीस रक्तातील ग्लुकोज, कॉर्टिसॉल, थायरॉक्सिन व इन्सुलिन मोजावयाचे, असा या प्रयोगांचा सर्वसाधारण आराखडा असतो. कॉर्टिसॉल वाढले, थायरॉक्सिन घटले, ग्लुकोज वाढले, सबब उष्णतेचा ताण मधुमेह तीव्र करतो, असा त्यांचा निष्कर्षही ठरलेला असतो.

हा निष्कर्ष चुकीचाच आहे असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे नाही. तो या आराखड्यातून सिद्ध होत नाही, एवढेच म्हणणे आहे. या भेदाला महत्त्व आहे, कारण प्रत्येक प्रयोगामागे प्राण्यांचे जीव, विद्यार्थ्यांची वर्षे आणि वाचकाचा विश्वास खर्ची पडलेला असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

उष्णता आणि मधुमेह हे दोन विषय आज वेगवेगळ्या अभ्यासक्रमांत शिकवले जात असले तरी त्यांचा उगम एकाच प्रयोगशाळेत सापडतो. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८४९ मध्ये मेंदूच्या चौथ्या विवराच्या तळाशी सुई टोचून प्राण्याच्या लघवीत साखर उतरवून दाखवली. प्राण्यांची उष्णता आणि ज्वर यांवरील त्यांची व्याख्याने १८७६ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि मधुमेहावरील व्याख्याने त्यापुढील वर्षी, १८७७ मध्ये. शरीराच्या आतील द्रवमय परिसर स्थिर राखणे हीच स्वतंत्र जीवनाची अट आहे, हा त्यांचा सिद्धान्त दोन्ही विषयांना जोडतो. रक्तातील साखर आणि शरीराचे तापमान ही त्या स्थैर्याचीच दोन अंगे आहेत.

१८८९ मध्ये मेरिंग व मिंकोव्हस्की यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यास मधुमेह होतो, हे सिद्ध केले. १९२१ मध्ये बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. त्यानंतर मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा अभाव, असे सोपे समीकरण रूढ झाले. परंतु अर्जेंटिनातील होउसे यांनी स्वादुपिंड काढलेल्या प्राण्याची पियुषिका ग्रंथीही काढली असता मधुमेह सौम्य होतो, असे दाखवले. या कार्यासाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३६ मध्ये लाँग व ल्यूकेन्स यांनी अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या मांजरांबाबत असाच अनुभव नोंदवला. मधुमेहाची तीव्रता केवळ इन्सुलिनच्या उणिवेवर ठरत नाही. इन्सुलिनच्या विरुद्ध कार्य करणाऱ्या संप्रेरकांवरही ती अवलंबून असते, हे या प्रयोगांनी स्पष्ट झाले. त्याच १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी विविध प्रकारच्या आघातांना शरीर जो समान प्रतिसाद देते त्याचे वर्णन केले आणि पुढे 'ताण' ही संकल्पना रूढ झाली.

उष्णतेचा ताण, अधिवृक्क ग्रंथीची उत्तेजना, इन्सुलिनविरोधी संप्रेरकांत वाढ आणि मधुमेहाची तीव्रता अशी जी साखळी आपल्याकडील संशोधनात गृहीत धरली जाते, तिचे मूळ येथे आहे. ही साखळी तर्कशुद्ध आहे. तथापि तर्कशुद्ध असणे आणि प्रयोगसिद्ध असणे या भिन्न गोष्टी आहेत.

'खोलीचे तापमान' म्हणजे किती?

या प्रकारच्या लेखांत नियंत्रित गटाविषयी बहुधा एकच वाक्य असते. सदर प्राणी खोलीच्या तापमानात ठेवण्यात आले. युरोपातील एखाद्या प्रयोगशाळेत या वाक्याचा अर्थ २० ते २२ अंश असा होतो. वऱ्हाडात त्याचा अर्थ कोणता? जानेवारीतील पहाटे वातानुकूलन नसलेल्या प्राणिगृहात पारा १५ अंशांच्याही खाली जाऊ शकतो आणि मे महिन्यातील दुपारी त्याच खोलीत तो ४० अंशांजवळ पोहोचू शकतो. अशा स्थितीत नियंत्रित गटास नियंत्रित म्हणावयाचे तरी कशाच्या आधारे?

प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय समितीने, म्हणजे पूर्वीच्या सीपीसीएसईए व आताच्या सीसीएसईएने, प्राणिगृहाचे तापमान १८ ते २९ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी, असे मार्गदर्शन केले आहे. १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक प्रयोगास संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. लेखात त्या मान्यतेचा क्रमांक नोंदवला जातो, परंतु प्रयोगकाळातील दैनंदिन किमान व कमाल तापमान नोंदवलेले क्वचितच दिसते. ज्या संशोधनाचा विषयच उष्णता आहे, त्यात ही नोंद नसणे म्हणजे औषधाच्या प्रयोगात मात्रा न लिहिण्यासारखे आहे.

येथे आणखी एक सूक्ष्म मुद्दा आहे. उंदरास शरीराचे तापमान राखण्यासाठी अतिरिक्त ऊर्जा खर्च करावी लागू नये असा तापमानाचा पट्टा साधारणतः २८ ते ३० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २० अंशांची खोली माणसाला सुखद वाटली तरी उंदरासाठी ती सौम्य थंडी असते. थंडीत थायरॉईड ग्रंथी अधिक क्रियाशील होते, तर उष्णतेत तिची क्रिया मंदावते. आता असा प्रयोग कल्पावा की ज्यात पहिले रक्तनमुने जानेवारीअखेर घेतले आणि शेवटचे एप्रिलअखेर. एम.फिल. हा अभ्यासक्रम २०२२ च्या नियमावलीने बंद होईपर्यंत त्याच्या मर्यादित मुदतीत प्रयोगाचे वेळापत्रक पुष्कळदा असेच पडत असे, कारण पहिले सत्र सैद्धान्तिक अभ्यासात जाई. या दोन नमुन्यांमध्ये थायरॉक्सिन घटलेले आढळल्यास ती घट इनक्युबेटरमुळे की वऱ्हाडातील ऋतुबदलामुळे? ज्या प्रयोगात केवळ 'आधी' आणि 'नंतर' अशी तुलना आहे, त्यात याचे उत्तर मिळू शकत नाही. सर्व गटांचा प्रयोग एकाच वेळी केला असेल, तर ऋतूचा परिणाम सर्वांवर सारखा होतो आणि निदान तुलना तरी टिकते.

कूलरविषयीही येथेच बोलले पाहिजे. वऱ्हाडातील प्राणिगृहांना परवडणारे साधन वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हेच आहे. कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत तो तापमान चांगले उतरवतो, परंतु आर्द्रता वाढवतो. जूनमध्ये हवेतच ओलावा आल्यावर त्याचा प्रभाव ओसरतो. २००० नंतरच्या दशकात ग्रामीण व निमशहरी विदर्भाने दीर्घ भारनियमन अनुभवले. वीज गेल्यावर प्राणिगृहातील कूलर बंद पडत असे, म्हणजे नियंत्रित गटही काही तास अनियोजित उष्णतेच्या ताणाखाली येत असे. अशा प्रयोगात दोन गटांमध्ये फरक आढळला नाही, तर 'उष्णतेचा परिणाम होत नाही' असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. उष्णता दोन्ही गटांना मिळालेली असते.

प्रतिमानाचा प्रश्न

ॲलॉक्सनमुळे मधुमेह होतो हे १९४३ मध्ये ग्लासगो येथील डन, शीहान व मॅक्लेची यांना सशांवर प्रयोग करताना आढळले. ते मूत्रपिंडाच्या इजेचा अभ्यास करीत होते. स्ट्रेप्टोझोटोसिनचा हाच गुणधर्म १९६३ मध्ये राकिएटेन व सहकाऱ्यांनी नोंदवला. ही दोन्ही रसायने ग्लुकोजप्रमाणेच स्वादुपिंडातील बीटा पेशींत शिरतात आणि त्या पेशी नष्ट करतात. स्वस्त, जलद आणि परिचित असल्याने आपल्याकडे ॲलॉक्सनचा वापर अधिक.

येथे हवामानाचा थेट संबंध येतो. शरीराच्या तापमानास व उदासीन आम्लतेस ॲलॉक्सनचे द्रावण अतिशय अस्थिर असते. त्याचा अर्धायुकाल सुमारे दीड मिनिटच आहे. म्हणून द्रावण थंड ठेवून तत्काळ टोचणे आवश्यक असते. स्ट्रेप्टोझोटोसिनसाठीही थंड सायट्रेट बफर आणि त्वरा या दोन्हींची गरज असते. उन्हाळी दुपारी टेबलावर ठेवलेल्या द्रावणातून पहिल्या उंदरास मिळणारी मात्रा आणि अखेरच्या उंदरास मिळणारी मात्रा यांत लक्षणीय तफावत पडते. परिणामी काही उंदीर मधुमेही होत नाहीत, काहींत मधुमेह सौम्य राहतो आणि तो कालांतराने मावळतो. मग उष्णतेच्या गटातील मधुमेह नैसर्गिकरीत्या मावळला की उष्णतेने बदलला, हे ठरवणे कठीण होते.

तथापि प्रतिमानाविषयीचा मुख्य आक्षेप याहून गंभीर आहे. उष्णतेच्या ताणाविषयी गेल्या दोन दशकांत जे सर्वांत अनपेक्षित निरीक्षण पुढे आले ते इन्सुलिनविषयी आहे. उपासमारीत इन्सुलिन घटते. उष्णतेमुळे अन्न कमी खाणाऱ्या गायींमध्येही ते घटावे अशी अपेक्षा होती, परंतु अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठातील ऱ्होड्स, बॉमगार्ड व सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून असे दिसून आले की उष्णतेच्या ताणाखालील गायींत इन्सुलिन घटत नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. म्हणजे उष्णतेस शरीर जो संप्रेरकीय प्रतिसाद देते, त्यात इन्सुलिनची वाढ हा एक केंद्रीय घटक असू शकतो. आता ज्या प्राण्याच्या बीटा पेशीच आपण नष्ट केल्या, त्यात हा प्रतिसाद दिसणार कसा? ॲलॉक्सन प्रतिमान निवडताक्षणी या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा भाग संशोधकाच्या नकळत प्रयोगाबाहेर जातो. जगातील बहुसंख्य मधुमेहींना असतो तो प्रकार-२ चा मधुमेह, ज्यात इन्सुलिन असते परंतु पेशी त्यास पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. त्या प्रकारासाठी स्निग्ध आहार व अल्पमात्रेतील स्ट्रेप्टोझोटोसिन यांचे संयुक्त प्रतिमान, अथवा जपानमध्ये विकसित झालेली गोटो-काकिझाकी उंदरांची जात, असे पर्याय उपलब्ध आहेत. ॲलॉक्सन वापरण्यास हरकत नाही, मात्र निष्कर्षही त्याच मर्यादेत असावा.

अन्न आणि पाणी

उष्णतेत प्राणी कमी खातो, हे प्रत्येक गोपालकाला ठाऊक आहे. परंतु कमी खाल्ल्यामुळेही ट्रायआयोडोथायरोनिन घटते, वजन घटते आणि कॉर्टिकोस्टेरॉन वाढते. मधुमेहामुळेही नेमके हेच घडते. म्हणजे उष्णता, उपासमार आणि मधुमेह या तीन भिन्न वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. शेवटी तेथे पोहोचलेल्या प्राण्याकडे पाहून तो कोणत्या वाटेने आला, हे सांगता येत नाही.

ही वाट ओळखण्याची पद्धत सोपी आहे. उष्णतेतील प्राण्याने काल जेवढे खाल्ले तेवढेच अन्न आज थंड खोलीतील तुलना गटास द्यावयाचे. वर उल्लेखिलेल्या संशोधकांनी २००९ मध्ये हीच पद्धत वापरून दाखवले की उष्णतेत दुधात जी घट होते तिच्यापैकी सुमारे ३५ टक्केच घट कमी खाण्याने स्पष्ट होते. उरलेली घट उष्णतेच्या अन्य परिणामांमुळे होते. सम-आहार गटाशिवाय हे विभाजन कधीच कळले नसते. आपल्याकडील प्रयोगांत हा गट अभावानेच असतो. वास्तविक त्यासाठी लागतो तो तराजू, आणि तो प्रत्येक प्राणिशास्त्र विभागात आहे.

पाण्याचा प्रश्न मधुमेही प्राण्यात अधिक गुंतागुंतीचा होतो. उंदरास माणसासारखा घाम येत नाही. तो अंगावर लाळ पसरवून आणि शेपटीतील रक्तवाहिन्या प्रसरण करून शरीर थंड ठेवतो. मधुमेही उंदीर मुळातच लघवीवाटे भरपूर पाणी गमावतो, आणि उष्णतेत त्याला लाळेसाठी आणखी पाणी लागते. इनक्युबेटरमध्ये पाण्याची बाटली नसेल, तर तो प्रयोग उष्णतेचा न राहता निर्जलीकरणाचा होतो. निर्जलीकरणात रक्त घट्ट होते आणि कोणतेही अतिरिक्त स्रवण न होताही संप्रेरकाची प्रति मिलिलिटर पातळी वाढलेली दिसते. रक्तातील पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, सोबत मोजल्याखेरीज ही फसगत टाळता येत नाही.

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे. तेथील महाविद्यालयात विहिरीचे अथवा कूपनलिकेचे पाणी प्राण्यांना दिले जात असेल, तर दिवसाला कित्येक पट पाणी पिणारा मधुमेही उंदीर कित्येक पट क्षारही घेतो. क्षार व पाणी यांच्या नियमनात अधिवृक्क ग्रंथीतील अल्डोस्टेरॉन आणि पियुषिकेतील व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरके गुंतलेली असतात. 'पाणी मुबलक देण्यात आले' या वाक्यात पाणी कोणते, हे लिहिणे या प्रदेशात तरी अनिवार्य मानले पाहिजे.

मोजमापातील त्रुटी

सर्वांत सहज टाळता येणारी आणि तरीही वारंवार आढळणारी त्रुटी कॉर्टिसॉलविषयी आहे. माणूस, कुत्रा आणि गाय यांच्या अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉल तयार होते. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीत त्यासाठी आवश्यक असणारे विकर प्रायः नसते, म्हणून त्याचे प्रमुख ताण-संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन आहे. शहरातील पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत मानवी किट वापरून उंदराचे कॉर्टिसॉल मोजल्यास येणारा आकडा बहुतांशी कॉर्टिकोस्टेरॉनशी झालेल्या अपुऱ्या अभिक्रियेचा असतो. त्या आकड्यास दशांश चिन्हानंतर दोन स्थळे दिली तरी त्याची विश्वासार्हता वाढत नाही. इन्सुलिन आणि थायरॉईड उत्तेजक संप्रेरक यांबाबतही मानवी किट उंदरास अविश्वसनीय ठरते, कारण प्रथिनांची रचना प्रजातीनुसार बदलते. उंदरात तर इन्सुलिनची दोन रूपे असतात. थायरॉक्सिन व ट्रायआयोडोथायरोनिन यांचे रेणू मात्र सर्व सस्तन प्राण्यांत सारखेच असल्याने तेथे ही अडचण तुलनेने कमी आहे.

दुसरी बाब वेळेची. उंदीर निशाचर असल्याने त्याच्या कॉर्टिकोस्टेरॉनची पातळी सायंकाळी, अंधार पडण्याच्या सुमारास उच्चतम असते व सकाळी नीचतम. नियंत्रित गटाचे रक्त सकाळी १० वाजता आणि इनक्युबेटरमधून काढलेल्या गटाचे दुपारी ४ वाजता घेतल्यास मिळणारी वाढ घड्याळाची असते. तसेच प्राण्यास हाताळल्यापासून काही मिनिटांतच हे संप्रेरक वाढू लागते. सहा उंदरांच्या पिंजऱ्यातून एकेक उंदीर काढत गेल्यास शेवटच्या उंदराची पातळी पहिल्यापेक्षा अधिक असण्याची शक्यता असते.

तिसरी बाब नमुन्याच्या साठवणुकीची. रक्तातील पेशी काढल्यानंतरही ग्लुकोज वापरत राहतात. सामान्य तापमानात ही घट ताशी सुमारे ५ ते ७ टक्के असते आणि उष्ण खोलीत ती वाढते. फ्लोराइडयुक्त नळी न वापरता उन्हाळ्यात नमुना तासन्तास ठेवल्यास उष्णतेने ग्लुकोज घटले असे दिसेल, पण ते प्राण्याच्या शरीरात घटलेले नसून नळीत घटलेले असेल.

चौथी बाब संख्याशास्त्राची. मधुमेही प्राणी निरोगी प्राण्यापेक्षा उष्णतेस वेगळा प्रतिसाद देतो का, हा मूळ प्रश्न आहे. त्यासाठी निरोगी-सामान्य, निरोगी-उष्ण, मधुमेही-सामान्य व मधुमेही-उष्ण असे चार गट लागतात आणि दोन घटकांच्या परस्परक्रियेची चाचणी करावी लागते. निरोगी-उष्ण हा गट वगळून तीनच गट घेतले आणि प्रत्येकाची तुलना नियंत्रित गटाशी टी-चाचणीने केली, तर कोष्टकात तारांकित आकडे भरपूर येतात, परंतु मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो.

उष्णता : ताण की उपचार?

पद्धतीची ही चर्चा केवळ शिस्तीसाठी नाही, हे परस्परविरोधी वाटणाऱ्या संशोधनाकडे पाहिल्यास लक्षात येते. १९९९ मध्ये हूपर यांनी प्रकार-२ च्या ८ मधुमेही रुग्णांना तीन आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ३० मिनिटे गरम पाण्याच्या टबात बसवले असता त्यांच्या उपाशीपोटीच्या ग्लुकोजची सरासरी १८२ वरून १५९ मिलिग्रॅमवर आल्याचे नोंदवले. त्या अभ्यासात तुलना गट नव्हता, म्हणून तो सूचक मानावा लागतो, निर्णायक नाही. २००९ मध्ये गुप्ते व सहकाऱ्यांनी स्निग्ध आहार दिलेल्या उंदरांना आठवड्यातून एकदा २० मिनिटे ४१ अंशांची उष्णता दिली आणि तुलना गटास तीच प्रक्रिया ३७ अंशांवर केली. उष्णता मिळालेल्या उंदरांच्या स्नायूंत एचएसपी-७२ हे उष्णता-प्रथिन वाढले आणि इन्सुलिनचे कार्य सुधारले.

मग उष्णता मधुमेहास तारक की मारक? हा प्रश्नच अपुरा आहे. आठवड्यातून २० मिनिटांची उष्णता आणि रोज चार तासांची उष्णता, बीटा पेशी शाबूत असलेला प्राणी आणि त्या नष्ट झालेला प्राणी, पाणी मिळालेला आणि न मिळालेला, या भिन्न स्थिती आहेत. 'उष्णतेचा ताण' हा शब्द इनक्युबेटरच्या तापमानावरून वापरू नये. प्राण्याच्या शरीराचे तापमान किती वाढले व किती काळ वाढलेले राहिले, यावरून तो वापरावा. गुदाशयातील तापमान न नोंदवता ताणाविषयी बोलणे म्हणजे उन्हाकडे पाहून तापाचे निदान करणे होय. शिवाय आरंभीच्या तीव्र ताणात वाढणारे अधिवृक्क संप्रेरक दीर्घकाळाच्या अनुकूलनानंतर पूर्वपदावर किंवा त्याखालीही येऊ शकते. पहिल्या दिवशीचा आणि तिसाव्या दिवशीचा निष्कर्ष एकमेकांविरुद्ध असले तरी दोन्ही खरे असू शकतात.

निष्कर्षाची झेप

अशा लेखांचा शेवट बहुधा मधुमेही रुग्णांना दिलेल्या सल्ल्याने होतो. येथे विशेष सावधगिरी हवी. माणूस घामाने थंड होतो, उंदीर होत नाही. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या माणसात स्वायत्त चेतासंस्थेची हानी झाल्यास घाम येण्याची क्षमता घटते, आणि उन्हात त्याला असणारा धोका मुख्यतः तेथून येतो. तापलेल्या त्वचेतून टोचलेले इन्सुलिन अधिक वेगाने शोषले जाते, त्यामुळे साखर अचानक उतरू शकते. २ ते ८ अंशांत ठेवावयाचे इन्सुलिन वीज नसलेल्या घरात खराब होऊ शकते. कापसाच्या शेतात राबणाऱ्या मधुमेही मजुराच्या दृष्टीने या बाबी तातडीच्या आहेत, आणि ॲलॉक्सन दिलेल्या उंदराच्या थायरॉक्सिनवरून त्यांपैकी एकही कळत नाही.

मधुमेही प्राणी म्हणजे केवळ प्रयोगशाळेतील उंदीर, असेही समजण्याचे कारण नाही. पाळीव कुत्र्यांना मधुमेह होतो. गर्भाशय व अंडाशय न काढलेल्या मादीत माजानंतरच्या काळात प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने तो उद्भवू शकतो, म्हणजे येथेही संप्रेरकांची परस्परक्रिया आहेच. कुत्र्याचे ताण-संप्रेरक कॉर्टिसॉल आहे आणि तो धापून शरीर थंड करतो. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. उपचारासाठी येणाऱ्या मधुमेही कुत्र्यांच्या नोंदी ऋतुनिहाय पाहिल्या, तर एकाही प्राण्याला इजा न करता या प्रश्नाचे काही उत्तर मिळू शकते. रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय, घट व सुधारणा ही त्रिसूत्री येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते.

वऱ्हाडातील शक्यता

दोष दाखवून थांबणे हे समीक्षेचे अर्धेच काम होय. वऱ्हाडातील महाविद्यालयांजवळ महागडी यंत्रे नसतील, परंतु जे आहे ते अन्यत्र सहज मिळणारे नाही. अमरावती जिल्ह्यातच सपाटीचा तप्त प्रदेश आणि सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदरा हे परस्परांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. इनक्युबेटरमधील कृत्रिम तासाऐवजी दिवसाची तप्त दुपार व रात्रीची विश्रांती असे वास्तविक चक्र येथे निसर्गतः उपलब्ध आहे. पूर्णा खोऱ्यातील पूर्णाथडी म्हैस पिढ्यान्‌पिढ्या याच उन्हात वाढली आहे. उष्णतेशी जुळवून घेतलेल्या प्राण्यात इन्सुलिन व थायरॉईड संप्रेरकांचे ऋतुचक्र कसे असते, हा मधुमेहाच्या अभ्यासालाही पायाभूत ठरणारा प्रश्न आहे, आणि त्यासाठी वर्षातून काही वेळा घेतलेले थोडे रक्त पुरेसे होईल.

प्रयोगशाळेतील कामासाठीही किमान शिस्त खर्चिक नाही. किमान-कमाल तापमापक व आर्द्रतामापक यांची दैनंदिन नोंदवही, चार गट व जोडीला सम-आहार गट, अन्नपाण्याचे वजन, शरीराचे तापमान, हिमॅटोक्रिट, रक्त घेण्याची एकच वेळ आणि कॉर्टिसॉलऐवजी कॉर्टिकोस्टेरॉनचे किट, एवढ्याने निष्कर्षाचे मूल्य अनेक पटींनी वाढेल. निधी अपुरा असेल, तर चार संप्रेरके शंकास्पद रीतीने मोजण्यापेक्षा एकच संप्रेरक विश्वसनीयपणे मोजावे.

समारोप

उष्णतेच्या ताणाचा मधुमेही प्राण्यांतील संप्रेरकांवर परिणाम होतो, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बर्नार यांच्यापासून आजवरचे शरीरक्रियाशास्त्र त्याच दिशेने बोट दाखवते. प्रश्न आहे तो परिणाम कोणता, किती, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या प्राण्यात, हा. या प्रश्नांची उत्तरे अन्न, पाणी, वेळ, प्रतिमान आणि प्राणिगृहाचे तापमान यांना परस्परांपासून वेगळे केल्याशिवाय मिळणार नाहीत. वऱ्हाडातील संशोधकास खोलीचे तापमान ही पद्धती-विभागातील एक औपचारिक ओळ म्हणून लिहिता येणार नाही, कारण येथे तीच प्रयोगातील सर्वांत मोठी मात्रा आहे. ती मोजली गेली, तर जे ऊन आज आपल्या निष्कर्षांना दुबळे करते, तेच उद्या आपल्या संशोधनाचे सामर्थ्य ठरेल.